वृद्धाश्रमातल्या मावशी-मामांचं ट्रेनिंग सक्तीचं झालं तर खर्च कुणी उचलायचा? (कोल्हापूर)

कळंबा_रोड:
नमस्कार मंडळी. कळंब्याच्या पुढं आमच्या ट्रस्टचा छोटा वृद्धाश्रम आहे, हिशोब आणि स्टाफ बघायचं काम माझ्याकडं असतं. सध्या 24 आजी-आजोबा आहेत, त्यातले 9 अंथरुणाला खिळलेले, उरलेल्यांत निम्म्यांना आंघोळ, संडास, जेवण यात हात द्यावा लागतो. पाटी वृद्धाश्रमाची असली तरी काम सगळं शुश्रूषेचंच चालतं. दिवसपाळी रातपाळी मिळून 10 मावशी-मामा, दिवसा एक एएनएम सिस्टर, डॉक्टर आठवड्यातून एकदा.

मागच्या मीटिंगला दोन विश्वस्तांची चांगलीच जुंपली. एक म्हणतात सगळ्या मावशी-मामांना रीतसर शिकवल्याशिवाय कामाला लावायचंच नाही, उद्या सरकार सक्ती करणारच आहे तर आपण आधीच करू. दुसरे म्हणतात महिन्याची फी 14 हजार, त्यातून पगार, किराणा, गॅस, लाईटबिल, डायपर, वर्षातून दोनदा फायरवाल्याचा दाखला, सीए ची फी, यातच जीव जातो, अजून एक खर्च घातला तर फी वाढणार आणि फी वाढली की ज्यांच्यासाठी आश्रम काढला तेच बाहेर पडणार. शिवाय शिकवून तयार केलेली बाई घरोघरी माणसं पुरवणारा ब्युरोवाला पुण्याला घेऊन जातो, मग आपण काय पुण्यासाठी माणसं घडवायची काय?

दोघंही मनापासून बोलत होते, म्हणून जास्त त्रास झाला. माझं मत ट्रेनिंग पाहिजेच, सक्ती झाली तरी चालेल. पण कसलं ट्रेनिंग, किती तासांचं, कोण शिकवणार आणि पैसे कुणाचे, यावर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा. पुढच्या मीटिंगला मला काहीतरी ठोस घेऊन जायचंय.

पंचगंगा_घाट:
पाहिजेच, यात चर्चा कसली. माझ्या वडिलांना पॅरालिसिस झाल्यावर एका ठिकाणी ठेवलं होतं (नाव घेत नाही, आता ते बंद झालंय). मावशी लय प्रेमळ होत्या, वडिलांना बाबा बाबा करायच्या, दाढी करून द्यायच्या, देवाचा अंगारा लावायच्या. पण दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. एकदा चादर बदलताना मी बघितलं तर माकडहाडापाशी रुपयाएवढी लाल-काळपट जागा, आणि मावशी म्हणतात "घामोळं आलंय, रोज पावडर लावतीय की मी". बघता बघता ती जागा फुटली आणि आत बोट जाईल एवढा खड्डा. मग ड्रेसिंग, अँटिबायोटिक, एअर बेड, परत अ‍ॅडमिट. त्या बाईंना मी आजही दोष देत नाही. त्यांना कामाला लावणाऱ्यानं अर्धा दिवस तरी शिकवायचं की नको?

तालीम_मंडळ:
उचलाउचलीसाठी आमच्या तालमीतली चार पोरं देतो, पोरांची मेहनत पण होईल :) फक्त आजोबांच्या वाट्याचं दूध शिल्लक राहील याची गॅरंटी नाही.

फिजिओ_राजारामपुरी:
@तालीम_मंडळ पोरं जरूर पाठवा, पण आधी माझ्याकडं पाठवा :)

गंमत बाजूला ठेवून सांगतो, निम्मं नुकसान याच उचलाउचलीत होतं. काखेत हात घालून पेशंटला वर ओढायची सवय सगळीकडं आहे. पॅरालिसिस झालेल्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो अशानं निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. बरोबर पद्धत अशी की आधी कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे, कोपरावर रेटा द्यायला लावून बसतं करायचं. मग दोन मिनिटं तसंच बसू द्यायचं, कारण एकदम उभं केलं की बीपी पडतं आणि माणूस गरगरून खाली येतो. पायात घट्ट चप्पल, कमरेला पट्टा, आपले गुडघे वाकवायचे आणि मग उभं करायचं. डाव माहीत नसलेला पैलवान नुसत्या ताकदीवर मातीत उताणा पडतो, तसंच हे आहे. आणि हे शिकवायला पदवी लागत नाही, एक खाट, एक पट्टा आणि एक दुपार लागते. यात मावश्यांची कंबर पण वाचते, माझ्याकडं मणक्याच्या दुखण्याला येणाऱ्यांत हे काम करणाऱ्या बायका बऱ्याच असतात, त्यांचा विचार कुणीच करत नाही.

रुईकर_कॉलनी_2:
पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नसतं हे पण शिकवा. पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, हलवलं की ओरडतायत, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. माझ्या सासूबाईंना पडल्यावर दोघांनी धरून चालवत खाटेपर्यंत नेलं होतं.

वकील_ताराबाई_पार्क:
सक्तीचा विषय निघालाय म्हणून कायद्यात काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचा समज असतो की नियम आहेत आणि लोक पाळत नाहीत.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारनं काढायची तरतूद आहे, आणि त्याच्या कारभाराची योजना, सोयींचा दर्जा राज्यानं ठरवायचा आहे. महाराष्ट्राचे नियम 2010 ला आले. पण मावशीला किती तास शिकवायचं हे त्या केंद्राच्या कायद्यात कुठंच नाही. 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं होतं, त्यात ज्येष्ठांच्या निवासांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा असं बरंच चांगलं होतं. ते स्थायी समितीकडं गेलं आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. त्याच 2019 ला केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं रिटायरमेंट होमसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती मुख्यतः बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी, आणि राज्यांनी स्वीकारली तर.

ओपी (म्हणजे धागा काढणारे कळंबा_रोड), तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 चा आहे आणि त्यात आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे नर्सिंग होम. तुमच्याकडं 9 जण अंथरुणावर, त्यातल्या कुणाला नाकातली नळी, कुणाला कॅथेटर (लघवीची नळी), कुणाचं रोज ड्रेसिंग असलं तर उद्या एखाद्या नातेवाइकानं तक्रार केली की तुमची बाजू मांडणं अवघड जाईल. त्यावेळी "आम्ही प्रत्येकाला शिकवलंय, ही तारीख, ही सही, ही शिकवणाऱ्या सिस्टरची नोंद" असं रजिस्टर हातात असलं तर फार फरक पडतो.

फुलेवाडी_आधार:
मी भाड्याच्या बंगल्यात 12 जणांचं केंद्र चालवतो. खाजगी आहे, ट्रस्ट नाही. मला सक्ती नको. ट्रेनिंगला माझा विरोध नाही, सक्तीला आहे, आणि त्याचं कारण मला अनुभवानं माहीत आहे. सक्ती आली की फॉर्म येतो, फॉर्म आला की तपासणी येते. शॉप अ‍ॅक्ट, किचनचं फूड लायसन्स, फायरचा दाखला जानेवारी आणि जुलै, जैविक कचऱ्याचं काँट्रॅक्ट, या प्रत्येकाच्या मागं एक फाईल आणि एक एजंट आहे. ट्रस्टवाल्यांना निदान जीएसटीची सूट आहे, आम्हाला ती पण नाही.

आणि सर्टिफिकेटाचं काय सांगू. माझ्याकडं एक मुलगा जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे पेशंटची देखभाल करणारा सहायक) चं सर्टिफिकेट घेऊन आला, ग्लुकोमीटरची पट्टी उलटी घालत होता. दुसरीकडं एक बाई सातवी पास, तिच्या हातून आजवर एकाला पण बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) झालेला नाही. उद्या कायदा आला तर त्या मुलाला ठेवायचं आणि बाईला घरी पाठवायचं का?

कळंबा_रोड:
@फुलेवाडी_आधार तुमचा मुद्दा पटतो, म्हणूनच कसलं ट्रेनिंग हा प्रश्न मी आधी विचारला. त्या सातवी पास बाईंनीच बाकीच्यांना शिकवायला पाहिजे खरं तर.

जीएसटीबद्दल कुणाला शंका असेल तर: आयकर कायद्याच्या 12अअ किंवा त्यानंतरच्या 12अब कलमाखाली नोंदलेल्या संस्थेनं 60 वर्षांवरच्या माणसाला राहणं, जेवण, देखभाल यासाठी महिन्याला 25,000 पर्यंत आकारले तर सूट आहे. 2018 पासून. आम्ही त्यात बसतो.

साता_समुद्रापार:
मी मूळची मंगळवार पेठेतली, सध्या कॅलिफोर्नियात. इथं एका सहा खाटांच्या घरात काम करते, म्हणजे साधं बंगलेवजा घर, सहा म्हातारी माणसं, आम्ही दोघी-तिघी. इथं याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. सक्ती कशी असते ते इथलं सांगते.

असिस्टेड लिव्हिंगला सगळ्या अमेरिकेसाठी एक नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. आमच्या राज्यात हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला 40 तास. त्यातले 20 तास एकट्यानं पेशंटला हात लावायच्या आधी आणि उरलेले 20 पहिल्या चार आठवड्यांत, आणि एकूण तासांतले 16 तास प्रत्यक्ष हातानं करून. पुढं दरवर्षी 20 तास, त्यात 8 तास फक्त विसरभोळेपणाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या पेशंटबद्दल. घर चालवणाऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला 80 तासांचा कोर्स आणि परीक्षा, दर दोन वर्षांनी 40 तास परत. कामावर रुजू व्हायच्या आधी बोटांचे ठसे.

नर्सिंग होमचं वेगळं, तिथं केंद्राचा कायदा आहे, 1987 पासून. सहायकाला किमान 75 तास. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की नर्सिंग होमनं ज्याला कामावर घेतलंय किंवा घेतो म्हणून सांगितलंय त्याच्याकडून ट्रेनिंगचा एक पैसा घ्यायला बंदी आहे. ज्यानं स्वतःच्या पैशानं शिकून वर्षभरात नोकरी धरली त्याला राज्यानं पैसे परत द्यायचे. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे खर्च कुणाचा, त्याचं उत्तर तिथं कायद्यातच लिहिलंय, शिकणाऱ्या गरीब बाईचा नाही.

मालक लोक इथं पण कुरकुरतातच. सहा खाटांच्या घराला आणि दोनशे खाटांच्या कंपनीला तास तेवढेच, कंपनीचा खर्च दोनशे जणांत वाटला जातो, छोट्याचा सहा जणांत. @फुलेवाडी_आधार यांचं दुखणं इथल्या छोट्या मालकांचं पण आहे.

शिरोळकर:
ताई तिकडं महिन्याची फी हजारो डॉलर. इथं 14 हजार रुपयांत काय काय करायचं? तिकडची उदाहरणं देऊन आपल्या माणसांच्या डोक्यावर बोजा नको. आपल्याकडं बाया मायेनं करतात.

पंचगंगा_घाट:
@शिरोळकर माया माझ्या वडिलांना पण मिळत होती. वर लिहिलंय मी.

शिरोळकर:
@पंचगंगा_घाट वाचलं. वाईट वाटलं मनापासून. माझा मुद्दा पैशाचा आहे, शिकवण्याचा नाही.

निवृत्त_सिस्टर:
बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते, त्यामुळं या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, ते नर्सचं शिक्षण झालं, ते मावशीला देणं शक्य नाही आणि गरजही नाही. मावशीला सहा-सात गोष्टी आल्या पाहिजेत, पण त्या झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत. कूस बदलणं, भरवणं, उचलणं, डायपर आणि कॅथेटरची स्वच्छता, हात धुणं, शुगर कमी झाल्याची खूण, आणि सिस्टरला कधी हाक मारायची ते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आजी काल बऱ्या होत्या आणि आज अचानक बडबडायला लागल्या, कपडे काढायला लागल्या, तर "वयानं झालंय" म्हणून सोडून द्यायचं नाही, लघवीत इन्फेक्शन असेल तरी असंच होतं. तोंड वाकडं झालं, एक हात गळला, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघायचं आणि लगेच गाडी, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

शुगरचं पण नीट सांगते. इन्सुलिन दिलं आणि आजोबांनी जेवण केलं नाही, हे प्रत्येक आश्रमात घडतं. दरदरून घाम, थरथर, डोळे लागायला लागले, की आधी शुगर बघायची, 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत बघायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे खाटेमागं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, काही खर्च नाही.

आणि @पंचगंगा_घाट यांनी पावडरचं लिहिलंय. पाठीला रोज स्पिरिट चोळून पावडर लावायची आमच्या वेळी शिस्त होती. आता ते करायचं नाही. लाल झालेली जागा चोळली तर आतली कातडी आणखी फाटते. त्या जागेवरचा दाब काढायचा, एवढंच. टाच उशीवर टेकवायची नाही, पोटरीखाली उशी घेऊन टाच हवेत ठेवायची. गोल रिंगची उशी आणि पाण्यानं भरलेले ग्लोव्हज पण बंद करा, त्यानं भोवतीचा रक्तपुरवठा अडतो.

उचगाव_नाका:
सिस्टर, स्पिरिट-पावडर आमच्या आईला घरी रोज लावत होतो, कधी काही झालं नाही. त्यानं हुशारी वाटते पेशंटला.

निवृत्त_सिस्टर:
@उचगाव_नाका धडधाकट कातडीला हलक्या हातानं तेल लावा, छान वाटतं. लाल जागा मात्र चोळू नका. आईंना काही झालं नाही कारण तुम्ही त्यांना हलवत होता, बसवत होता. पावडरीनं नाही.

गारगोटीकर_मावशी:
मी हेच काम करतोय, आता एका आश्रमात रातपाळीला हाय. फोनवरनं बोलून टाईप करतोय, काय चुकलं तर समजून घ्या.

तुमी सगळे शिकलेले लोक आमच्याबद्दल बोलताय ते वाचून बरं वाटलं. खरं एक सांगतो, शिकायला आमाला पण पायजे. पैल्या दिवशी मला 14 म्हातारी दिली आणि रात्री एकटी. एका आजीला नाकात नळी. मला कुणी सांगितलं नाही की नळीतनं दूध घालताना डोकं वर घ्यायचं आन् नंतर पण अर्धा तास आडवं करायचं नाही. मी दुसऱ्या मावशीला फोन करून इचारलं रात्री दीड वाजता. ती बी जागी होती म्हणून बरं.

दुसरं, आधीच्या ठिकाणी आमाला शिकवलं, दोन दिवस, आन् कागद दिला सही-शिक्क्याचा. तो कागद मालकानं कपाटात ठेवला. सोडताना दिला नाही, म्हणाले तू दुसरीकडं जाशील. आता नव्या ठिकाणी मी परत नवीनच. पगार परत पैल्यापासनं. आमचा कागद आमच्या हातात द्या. आन् कागदाला पगार जोडा. शिकलेल्या बाईला दिवसाला पन्नास रुपय जास्त दिलं तर ती पुण्याला कशाला जाईल, पोरं हितं शाळंत हायत तिची.

आन् शिकवायचा दिवस हजेरीत धरा. आमी रोजावर हाय. दोन दिवस शिकायला बसलो तर दोन दिवसाचा खाडा पडतो, मग घरात काय सांगायचं.

साता_समुद्रापार:
मावशी, तुमचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं. इथं ट्रेनिंगचे तास कामाचे तास म्हणून धरतात, पगार चालू असतो.

कळंबा_रोड:
@गारगोटीकर_मावशी खूप खूप धन्यवाद. हजेरीचा मुद्दा आमच्या मीटिंगमध्ये एकाच्याही तोंडून आला नव्हता. तो मी पहिल्यांदा मांडणार.

आकडेमोड_शाहूपुरी:
सगळे खर्च खर्च म्हणतायत, पण बेरीज कुणीच केली नाही, म्हणून करतो. ओपीचे 24 ज्येष्ठ आणि 10 मावशी-मामा धरतो. रोज 450, पाळी 12 तासांची असं समजू, ओपीनं चुकत असेल तर आकडा बदलावा. तासाला साडेसदतीस रुपये पडले. कॅलिफोर्नियावाल्या ताईंचेच 40 तास घेतले तर एका माणसाच्या ट्रेनिंगची हजेरी झाली 1,500. वर्षात सगळी दहाच्या दहा माणसं बदलली असं वाईटात वाईट धरू, म्हणजे 20 जणांना शिकवायचं, 30,000. शिकवायला अनुभवी सिस्टर महिन्यातून दोनदा, दर वेळी 1,500, वर्षाचे 36,000. एकूण 66,000. भागिले 24, भागिले 12. प्रत्येक ज्येष्ठामागं महिन्याला साधारण 230 रुपये.

मोठ्यांच्या डायपरचा एक पुडा पण यात येत नाही. आता मावशींचे दिवसाला पन्नास जास्तीचे धरा. दहा जण, महिन्याचे 26 दिवस, 13,000. ते 24 जणांत वाटले तर प्रत्येकी 540 च्या आसपास. दोन्ही मिळून 770. खरा खर्च पगारवाढीचा आहे, ट्रेनिंगचा नाही. मीटिंगमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे मांडा, नाहीतर ट्रेनिंगवर पगाराचं खापर फुटेल. पीएफ 20 माणसांपासून लागतो, त्यात तुम्ही नाही. ईएसआयसीत (कामगार विम्यात) असाल तर 21,000 पर्यंतच्या पगारावर मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75, तेवढी वाढीव रक्कम धरा.

फुलेवाडी_आधार:
@आकडेमोड_शाहूपुरी हिशोब बरोबर आहे, पण 12 जणांच्या केंद्राला सिस्टरचे 36,000 बारा जणांतच वाटावे लागतात. मला एकट्यालाच तेवढेच मोजावे लागणार.

आकडेमोड_शाहूपुरी:
@फुलेवाडी_आधार म्हणून तुम्ही तीन-चार छोट्या केंद्रांनी मिळून एक सिस्टर ठरवा. फुलेवाडी, कळंबा, पाचगाव, एका रिंगरोडवर आहात सगळे. एका दुपारी चारही ठिकाणच्या मावश्या एका जागी.

पंचगंगा_घाट:
यात एक भर. फी 770 नं वाढली तर मी हसत देईन, पण मला दिसलं पाहिजे. खाटेच्या पायाला तक्ता लावा, किती वाजता कोणत्या कुशीवर. नातेवाईक आला की पहिल्यांदा तेच बघेल.

बावड्याचा_भाऊ:
पुराचं कुणीच बोललं नाही? 2019 ला शिरोलीपाशी हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, 2021 ला परत तेच. आमच्या शेजारच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरमधनं काढलं तेव्हा कुणाला कोणती गोळी, कुणाला इन्सुलिन, कुणालाच पाठ नव्हतं, फाईल खालच्या मजल्यावर भिजलेली. प्रत्येकाची गोळ्यांची आणि कागदाची प्लास्टिकची पिशवी खाटेला बांधून ठेवायची, आणि मामांना ती कशी वाचायची ते शिकवायचं. कोल्हापुरात ट्रेनिंग म्हणलं की पूर त्यात पाहिजेच.

निवृत्त_सिस्टर:
शंभर टक्के. आणि इन्सुलिनला बर्फाचा डबा, पण बर्फाला चिकटवून नाही, गोठलं तर वाया जातं.

शिरोळकर:
एक वेगळं विचारू का? आमच्या तात्यांना रविवारी पांढरा रस्सा लागतोच, आयुष्यभराची सवय. आश्रमात ठसका लागतो म्हणून बंद केला, तेव्हापासून तात्या जेवणावर रुसलेत. यावर काही उपाय आहे का?

फिजिओ_राजारामपुरी:
@शिरोळकर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट करतात. बऱ्याच जणांना पातळ पदार्थाचाच ठसका लागतो, घट्ट नीट जातो. तसं असेल तर रस्सा घट्ट करून द्यायचा, मेडिकलमध्ये त्यासाठी पावडर मिळते, किती घट्ट ते थेरपिस्ट सांगतील. ताठ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, छोट्या चमच्यानं, आधीचा घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. बोलत, टीव्ही बघत भरवायचं नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं. तांबडा मात्र तिखटाच्या ठसक्यामुळं सध्या नको.

तालीम_मंडळ:
तात्यांना पांढरा मिळालाच पाहिजे, यावर धाग्याचं एकमत आहे असं जाहीर करतो :)

वकील_ताराबाई_पार्क:
मूळ मुद्द्यावर येतो. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत निराधार ज्येष्ठांच्या आश्रमांना संस्थांमार्फत अनुदान आहे आणि त्यातच वृद्धांची काळजी घेणारी माणसं तयार करायचा वेगळा भाग आहे. ओपीनं समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारावं, पोच घ्यावी. आणि ज्यांना कुठल्या आश्रमाबद्दल तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो.

सक्तीबद्दल माझं मत असं की राज्यानं तास ठरवावेत, विषय ठरवावेत, परीक्षा हातानं करून दाखवण्याची ठेवावी, आणि कागद मावशीच्या नावावर द्यावा. इमारत आणि फर्निचरचे नियम 12 खाटांना वेगळे ठेवा, पण शिकवण्याचे तास सगळ्यांना सारखेच, कारण बेडसोअर काही खाटा मोजून होत नाही.

फुलेवाडी_आधार:
हातानं करून दाखवायची परीक्षा असेल आणि माझ्या त्या सातवी पास बाईंना अनुभवावर थेट बसता येणार असेल, तर माझा विरोध मागं.

कळंबा_रोड:
मंडळी, मीटिंग झाली म्हणून सांगायला आलो. आकडेमोडरावांचे दोन्ही आकडे वेगवेगळे मांडले. 230 ला कुणीच विरोध केला नाही. पगारवाढीवर बराच वेळ गेला, शेवटी असं ठरलं की जो शिकून करून दाखवेल त्याला दिवसाला 30 आत्ता आणि उरलेले 20 पुढच्या एप्रिलपासून, फी एकदम न वाढवता नवीन येणाऱ्यांना आधी लावायची, जुन्यातल्या ज्यांना शक्य आहे त्यांना विचारायचं. ट्रेनिंगचा दिवस पूर्ण हजेरी. कागद दोन प्रतींत, एक फाईलला, एक मावशींच्या हातात. जे विश्वस्त "पुण्यासाठी माणसं घडवायची काय" म्हणत होते, त्यांनीच कागदाच्या बाजूनं मत दिलं, म्हणाले गेली तर जाऊ दे, तिथं पण कुणाची तरी आईच असणार.

नवीन माणसाला पहिले 20 तास एकटं ठेवायचं नाही, हे पण लिहून घेतलं. अडचण एकच उरलीय, रातपाळीला दोनच जण असतात, त्यातला एक शिकणारा असला तर एक माणूस जास्तीचा लागतो. यावर कुणी तोडगा काढलाय का?

निवृत्त_सिस्टर:
पहिले 20 तास दिवसपाळीलाच ठेवा, रात्री नकोच. दिवसा सगळी कामं हाताखालनं जातात. आणि शिकवायला मी येते, पैशाचं नंतर बघू. फुलेवाडीवाल्यांच्या मावश्यांना पण तिथंच बोलवा.

गारगोटीकर_मावशी:
दुपारी दोन ते पाच ठेवा म्हणजे आमाला रातपाळीच्या आधी येता येतंय. दुसऱ्या आश्रमातनं आलेलं चालतंय का? आमच्या आणखी दोघी यायला तयार हायत.

कळंबा_रोड:
@गारगोटीकर_मावशी चालतंय. तिघी या. मेसेज करा, पत्ता पाठवतो.